खडूवर चालणारी गाडी

जिथे वीज नाही अशा ठिकाणी दोन रात्री मुक्कामाला जाताना मी सोबत विजेचा राइस कुकर घेतला होता. चुकून आला नव्हता. टॉवेलात गुंडाळून, झाकण निघू नये म्हणून दोरी बांधून, चांगला बेतानं आणला होता. महाबलिपुरमच्या पुढे, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या सुरूच्या बनात आमच्या कॅराव्हॅन क्लबच्या पाच गाड्या लागल्या. मी उतरलो, कुकर काढला, वायर सोडली आणि वायरचं टोक हातात धरून चारी दिशांना बघत उभा राहिलो. एकीकडे खाडी, एकीकडे समुद्र, मध्ये वाळू. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, तोही विजेशिवाय.

शेजारच्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. अंगात निळा डगला, खिशाला टांगलेली छोटी हातोडी. ते शांतपणे माझ्याजवळ आले, हातातली वायर घेतली, प्लग उलटसुलट करून पाहिला, खाली वाकले आणि तिन्ही पिना वाळूत नीट खोचल्या. कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आतां थांब. भातास वेळ लागेल."

एवढं बोलून ते निघून गेले. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

आता ही थट्टा होती, की त्यांना खरंच तसं वाटत होतं? मला कळेना. आणि पंचाईत अशी, की त्या दोन दिवसांत मला नेमकं तेच ओळखायचं होतं. या माणसाचं काय खरं, काय थट्टा आणि काय विसरणं, हे ओळखून त्यांच्या मुलीला सांगायचं कबूल करून मी आलो होतो. माझ्या सांगण्यावर त्यांची गाडी त्यांच्याकडे राहणार, की विकली जाणार, हे ठरायचं होतं.

आम्ही सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचो. पोलिसातले नव्हेत, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातले. तयार झालेला डबा कारखान्याबाहेर पडण्याआधी तो तपासायचा, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती. घराणं तंजावरकडचं, तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज खाली उतरले ते तिथलेच झाले. त्यांची मराठी ऐकली की मला माझ्या पणजोबांच्या पोथीतलं पान तमिळ चालीवर कुणीतरी म्हणतंय असं वाटायचं. मी साताऱ्याकडचा, चेन्नईत बावीस वर्षं, सिरुसेरीच्या एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसणारा. पहिल्या भेटीत त्यांनी माझं मराठी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समजतें सर्व. पण तुम्ही फार घाईंत बोलतां. गाडी सुटते काय तुमची?"

त्यांनी एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिच्यात स्वतःच्या हातानं पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं बसवलं होतं. कॅराव्हॅन म्हणजे काय, तर चाकांवरचं घर. आमच्या क्लबात असली पाच घरं. एकापेक्षा एक नटलेली. अध्यक्षांच्या गाडीत तर संगमरवरासारखा दिसणारा ओटा होता. हे अध्यक्ष जॉर्ज टाउनमधले दोरखंड आणि ताडपत्रीचे ठोक व्यापारी, आणि क्लबला लागणारा दोर फुकट देत असल्यामुळे तहहयात अध्यक्ष. मराठी त्यांना येत नाही, त्यांच्याशी आम्ही सगळे तमिळमध्येच बोलायचो; इथे मी ते मराठीत सांगतोय. त्यांच्यासमोर इन्स्पेक्टरांची गाडी म्हणजे राखाडी रंगाचा डबा. पण ऐन पावसाळ्यात पाचांपैकी चार घरं गळली, आणि ज्या एका गाडीत बसून सगळ्यांनी कॉफी प्यायली ती गाडी ही राखाडी.

त्यांची मुलगी बेंगळुरूला असते. सहलीच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. तिचं मराठी म्हणजे दोन शब्द मराठी, तीन इंग्रजी आणि राग आला की तमिळ.

"अंकल, अप्पांचं मला टेन्शन आहे. गेल्या महिन्यात सकाळी सहाला गाडी घेऊन कारखान्याच्या गेटवर गेले. ड्युटीवाल्यांच्या लाइनमध्ये उभे राहिले!"

"मग? ते काय म्हणाले?"

"म्हणाले, तिथली कॉफी चांगली असते."

"असेलही."

"असेलही काय, अंकल! मला एक बायर मिळालाय. पण अप्पांना न सांगता विकलं तर ते माझ्याशी आयुष्यात बोलणार नाहीत. तुम्ही दोन दिवस त्यांच्या शेजारी आहात. बघा. ते नीट असले तर गाडी राहू दे. नसले तर पुढच्या आठवड्यात विकते. पण खरं सांगा. प्लीज."

मला नाही म्हणता येत नाही. ऑफिसातही येत नाही, घरातही येत नाही. मी हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर आपण नक्की कशाला हो म्हणालो ते आठवत बसलो.

बायकोनं विचारलं, "म्हणजे तू आता हेरगिरी करणार?"

"हेरगिरी काय त्यात. लक्ष ठेवणार."

"तू? परवा स्वतःचा चष्मा शोधायला तू माझा चष्मा लावून हिंडत होतास."

मी मोबाइलमध्ये दोन रकाने केले. एकाला नाव दिलं 'स्वभाव', दुसऱ्याला 'विसर'. जे दिसेल ते योग्य रकान्यात टाकायचं, रविवारी दोन्ही बाजू बघायच्या आणि मुलीला कळवायचं. सिरुसेरीत आम्ही असंच काम करतो. तिथं ते चालतंही.

पहिलीच नोंद अडली. प्लग वाळूत खोचणे: स्वभाव की विसर? मी दोन्हीकडे लिहिलं.

दुसरी गोष्ट नावांची. इन्स्पेक्टर कुणालाही नावानं हाक मारत नसत. गाडीच्या नंबरप्लेटवरचे शेवटचे दोन आकडे हेच ज्याचं त्याचं नाव. मी एकाहत्तर. माझी बायको "एकाहत्तरांतली बाई". अध्यक्ष शून्य आठ, आणि त्यांना ते अजिबात आवडत नसे. मी मागे एकदा विचारलं होतं, की ही काय पद्धत? तेव्हा त्यांनी सांगितलं, की नोकरीला लागले तेव्हा ते तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये, म्हणजे तिकडच्या स्वस्त लॉजमध्ये, राहायचे. एका खोलीत सहा ब्रह्मचारी, सहा खाटा, खाटांना नंबर. कुणाचं गाव कुठलं, जात कोणती, बाप कोण, कुणी विचारायचं नाही. खाट तीन, खाट पाच. "फार सुख होतें," ते म्हणाले. "खाट चार घोरत असे. पण त्याचें नांव कळलें असतें तर अधिक राग आला असता."

ऐकायला झकास गोष्ट. पण मुलीच्या फोननंतर माझ्या मनात किडा वळवळला. आकडे नंबरप्लेटवर लिहिलेले असतात. नावं कुठे लिहिलेली असतात? नावं आठवत नसतील तर माणूस काय करेल? हेच करेल ना? पुन्हा दोन्ही रकाने.

आणि खडू. कारखान्यात डबा तपासताना जिथे दोष दिसेल तिथे डब्याच्या अंगावरच खडूनं लिहायची रीत. त्या सवयीनं ते आपल्या गाडीवर लिहायचे. दारावर, चाकाच्या वर, खिडकीखाली, वळणदार गोलगोल तमिळ अक्षरांच्या रांगा. तमिळ अक्षर मला वाचता येत नाही. बावीस वर्षं बसवर नंबर असतो म्हणून तरलो. क्लबातले तमिळ सभासद ते वाचायचे, पण त्यांना अर्थ लागत नसे. अध्यक्षांचं मत होतं, की ते मंत्र आहेत. एकदा मी लांबून पाहिलं, की अध्यक्ष कुणी बघत नाहीसं पाहून इन्स्पेक्टरांच्या डाव्या मागच्या चाकाला नमस्कार करताहेत.

मी क्लबात शिरलो त्या दिवशी इन्स्पेक्टर माझ्या गाडीखाली जाऊन आडवे झाले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, नुसते दोन पाय बाहेर. मी घाबरलो. पाय हलवून ओरडायला लागलो, "काका! काका!" खालून आवाज आला, "ओरडूं नको रे. इंजिन निवतें आहे. ऐकूं दे मज." चाळीस मिनिटांनी बाहेर आले, डगला झटकला आणि माझ्या दारावर खडूनं तीन ओळी लिहून चहा न घेता निघून गेले. त्या तीन ओळी घेऊन मी आठवडाभर सिरुसेरीला जात होतो. मग पावसात त्या गेल्या. त्यात काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही. पण तेव्हापासून वळणावर माझी गाडी एक आवाज करते आणि मला दर वेळी वाटतं, की तेच लिहिलं होतं.

शुक्रवारी त्यांनी आल्याआल्या गाडी फळ्यांवर चढवून समतल केली, चार कोपऱ्यांना चार जॅक लावले, ताडपत्रीचं छत ओढून त्याचा दोर सुरूच्या झाडाला बांधला आणि दर कामानंतर खिशातला खडू काढून काहीतरी लिहिलं. मी आपला मुलीला दाखवायला म्हणून गाडीच्या त्या बाजूचा फोटो काढून ठेवला. संध्याकाळी पाच वाजता ते सगळ्यांना जेवायला बोलवायला आले.

"पाचला?" अध्यक्ष म्हणाले. "सर, आत्ता तर टिफिन झालं."

"वीज नाहीं म्हणालास ना, शून्य आठ? मग उजेड असतां जेवावें."

"सर, सोलर आहे. दिवे आहेत."

"सोलर म्हणजे वीज नव्हे काय? मग घरींच राहावयाचें होतें. वीज, पंखा, सर्व तेथें आहे."

शेवटी ते एकटे पाचला जेवले. साडेपाचला बाकीचे लपूनछपून त्यांच्याच ओट्यापाशी गेले, कारण त्यांनी उडदाच्या पिठाची डांगर पचडी केली होती आणि वास सगळ्या बनात पसरला होता.

शनिवारी सकाळची गोष्ट. ते खाडीवरून आंघोळ करून आले आणि सरळ आमच्या गाडीत चढले. आमच्या पलंगावर बसले. ओल्या पंच्याचं टोक पिळलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पडदा कोणी बदलला माझा?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं कॉफी ओतली आणि त्यांच्या हातात दिली. ते सावकाश प्यायले, पेला विसळून जागेवर ठेवला, उतरताना पायरीवर थांबले आणि म्हणाले, "तुमचा पडदा चांगला आहे हो." गेले.

"बघितलंस?" मी कुजबुजलो.

"काय?"

"त्यांना गाडी कळली नाही. स्वतःची गाडी!"

"किंवा त्यांना कॉफी हवी होती," ती म्हणाली. "तूही शेजारच्यांकडे मॅच बघायला जातोस तेव्हा 'साखर आहे का' म्हणत जातोस."

दोन्ही रकाने. दोन दिवसांत माझ्या दोन्ही रकान्यांत एकसारख्या सतरा नोंदी होत्या.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले. मी एकटाच जागा होतो, फोटो बघत. तो गाडीचा फोटो मोठा करून पाहिला आणि मला धसकाच बसला. एवढी लहानशी गाडी आणि अंगभर लिहिलेलं. वर, खाली, तिरकं, चाकाच्या भोवती गोल. लांब बेंगळुरूत बसलेल्या मुलीला हे दिसलं तर तिला काय वाटेल? डोकं ठिकाणावर नसलेला माणूस भिंती रंगवत सुटतो तसं. आणि ती संध्याकाळी व्हिडिओ कॉल करणार होती.

मला ते आवडायचे हो. खरं सांगायचं तर त्यांनी पास व्हावं असं मला वाटत होतं. आणि परीक्षकाला मुलगा पास व्हावासा वाटला की तो जे करतो तेच मी केलं. फडकं घेतलं, बादली घेतली. पिण्याचं पाणी मोजकं, म्हणून खाडीचं पाणी आणलं, आणि इन्स्पेक्टर आत घोरत असताना त्यांची अख्खी गाडी पुसून काढली. लोखंडाला खारं पाणी लावू नये हे मला आठवलं ते गाडी वाळल्यावर.

पण दिसत होती छान. संध्याकाळच्या कॉलवर मुलगी म्हणालीसुद्धा, "अरे वा, अप्पा, गाडी क्लीन आहे!" इन्स्पेक्टर आपल्या पायरीवर बसलेले होते, तोंड समुद्राकडे. त्यांनी नुसतं "हूं" केलं. मी बायकोकडे बघून भुवया उडवल्या. तिनं विचारलं, "डोळ्यात काही गेलं का?"

रविवारी सकाळी आवराआवर. जो तो आपापली छतं गुंडाळत होता. इन्स्पेक्टर आंघोळ करून, डगला घालून, हातोडी टांगून आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, तळहात फिरवत. दुसरी फेरी मारली. मान हलवली. चढले, आणि गाडी सुरू केली.

छत ताणलेलं होतं. जॅक लावलेले होते. मागची खिडकी उघडी, पायरी बाहेर, आणि छताच्या दोरावर माझ्या बायकोची साडी वाळत होती.

पुढचं सगळं एकदम झालं. गाडी फळ्यांवरून धप्पकन खाली आली. दोन जॅक बंदुकीच्या गोळीसारखे उडाले. ताडपत्रीचे खांब उपटून घरंगळत गाडीमागे निघाले, साडी निशाणासारखी फडफडत, आणि सगळे "सर! सर!" करत धावले. गाडी थांबली ती आमच्या ओरडण्यानं नव्हे. छताचा दोर सुरूला बांधलेला होता, तो जॉर्ज टाउनचा होता, तो तुटला नाही.

आतून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येत होता. गॅसचा. अध्यक्षांनी आत उडी मारून सिलिंडर बंद केला, बाहेर येऊन कपाळावरचा घाम पुसला आणि त्यांच्याजवळ जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, पोदुम्. पुरे झालं. गाडी माझा ड्रायव्हर येऊन घेऊन जाईल. तुम्ही माझ्याबरोबर बसा."

 सगळ्यांनी मनात निकाल लावला होता ते दिसत होतं. माझ्या दोन्ही रकान्यांची गरजच उरली नव्हती.

इन्स्पेक्टर खाली उतरले. गाडीच्या कोऱ्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले.

"कोरी होती," ते म्हणाले. "गाडी कोरी होती की."

"म्हणजे काय, सर?"

"काम उरलें तोंवर खडू असतो. काम झालें कीं पुसावें. जॅक उतरविला, पुसला. ग्यास मिटला, पुसला. डब्यावर एक ओळ असली तरी डबा कारखान्यांतून सुटत नाहीं. कोरा झाला कीं सुटतो. मी दोनदां पाहिलें. एकहि ओळ नव्हती."

 सगळे त्यांच्याकडे कीव करून बघत होते. मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कधीही कळलं नसतं. मला एक क्षण तसं वाटूनही गेलं. खोटं कशाला सांगू.

"मी पुसली," मी म्हणालो.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "काय?"

"गाडी. काल दुपारी. मीच पुसली. खाडीच्या पाण्यानं."

"मंत्र पुसलेस?" अध्यक्ष किंचाळले.

इन्स्पेक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं. "कां?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या मुलीनं... म्हणजे तिला फोटो... मला वाटलं, की तिला बरं दिसेल..."

"ठाऊक आहे. लेक दर महिन्यास कोणास तरी ठेवते. मागच्या महिन्यांत इस्त्रीवाला होता. तो तुझ्याहून बरा. त्यानें कांहीं पुसलें नाहीं."

"काका, पण तुम्हाला आठवलं कसं नाही? छत तर डोळ्यांसमोर होतं." हे मी विचारायला नको होतं. पण विचारलं, कारण मला खरंच कळत नव्हतं.

त्यांनी खडूचा तुकडा बोटांत फिरवला. "लिहिलें म्हणून डोक्यांत ठेविलें नाहीं," ते म्हणाले. "चाळीस वर्षें असेंच केलें. आतां डोक्यांत ठेवावें म्हटलें तर राहतें काय, तें मज ठाऊक नाहीं. करून पाहिलेंच नाहीं कधीं."

आणखी काय काय उघडं राहिलंय, कुठला बोल्ट ढिला केलाय, त्यांना सांगता येईना. तेव्हा मला शुक्रवारचा फोटो आठवला. मी मोबाइल काढून अध्यक्षांना दिला. त्यांनी अक्षरं वाचली, कपाळाला आठ्या घातल्या. "सांगितलं ना, मंत्र आहेत. अर्थ नाही."

बायकोनं मोबाइल घेतला. ती शाळेत गणित शिकवते, आणि मुलांच्या वह्यांमुळे तमिळ वाचायला शिकली आहे, अडखळत, एकेक अक्षर लावत. यापूर्वी तिनं गाडीवरचं कधी नीट वाचलं नव्हतं. दोन शब्द पाहून 'अवघड तमिळ आहे' म्हणून सोडून दिलं होतं. आता ती मोठ्यानं वाचायला लागली. दुसऱ्या ओळीला थांबली, परत पहिल्यावर गेली, आणि तिनं मान वर केली.

"अरे, हे मराठी आहे!"

अक्षरं तमिळ, भाषा मराठी. इन्स्पेक्टरांना आश्चर्य वाटलं ते आमच्या आश्चर्याचं. "आमच्या घरीं असेंच लिहितात. तुम्हां ठाऊक नाहीं?" आठ महिने ती गाडी आमच्यासमोर उभी होती. ज्यांना वाचता येत होतं त्यांना कळत नव्हतं, आणि ज्याला कळलं असतं त्यानं ती धुतली.

मग बायको वाचत गेली आणि ते करत गेले. "जॅक चार, उतरविणें." उरलेले दोन उतरवले. "मागील खिडकी." लावली. "टाकीची तोटी, अर्धा फेरा." दिला. वाचलं, की त्यांचे हात सरळ त्या जागी जायचे, एकदाही चाचपडणं नाही, आणि दर कामानंतर "हूं." त्यांच्या निम्म्या वयाचे आम्ही नुसतं बघत होतो. मला वाटलं, हा माणूस ठणठणीत आहे. लगेच वाटलं, की वाचणारं कुणी नसतं तर?

शेवटची ओळ फोटोत अगदी खाली, मागच्या चाकाजवळ होती. अध्यक्षांनी नमस्कार केला होता त्याच चाकाजवळ. बायकोनं वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाच की," इन्स्पेक्टर म्हणाले.

"राहू दे काका. काम झालंय."

"लिहिलें असेल तर वाचावें."

तिनं वाचलं. "चालक. विसरतो. एकटा नको."

 अध्यक्षांना कळलं नव्हतं, तरी त्यांनी टोपी काढली.

"तारीख घातली आहे काय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"शुक्रवारची आहे."

"बरोबर. तपासणी शुक्रवारचीच." ते कोऱ्या पत्र्याकडे बघत राहिले. "ती ओळ मीच लिहिली. पण पुसावी कोणी तें कळेना. दुरुस्ती झाल्यावांचून पुसतां येत नाहीं, आणि ही कोठें दुरुस्त करतात?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूं पुसलीस. पाण्यानें. एवढें सोपें असतें तर."

परतताना आमची गाडी बायकोनं घेतली. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. मी इन्स्पेक्टरांच्या शेजारी बसलो. अध्यक्ष नको नको म्हणत होते, पण ड्रायव्हर यायला चार तास होते आणि इन्स्पेक्टर नुसते म्हणाले, "एकटा नको, एवढेंच लिहिलें आहे." साठ किलोमीटर त्यांनी अशी गाडी आणली, की मांडीवरच्या पेल्यातलं पाणी हललं नसतं. रस्ता मी दोनदा चुकीचा सांगितला. दोन्ही वेळा ते बरोबर रस्त्यानं गेले. वाटेत त्यांनी पहिल्यांदाच मला विचारलं, "तुझें नांव काय रे?" मी सांगितलं. "चांगलें आहे," म्हणाले. दहा मिनिटांनी म्हणाले, "एकाहत्तर, खिडकी लाव, धूळ येते." मला हायसं वाटलं. मग वाटलं, की हायसं कशाला वाटायला हवं? मोबाइल काढला, आणि कुठल्या रकान्यात लिहू ते न कळून परत खिशात ठेवला.

संध्याकाळी सातला मुलीचा फोन आला.

"सांगा अंकल. येस की नो?"

मी आधी माझी चूक सांगितली, मग जॅक उडाले ते सांगितलं, गॅससुद्धा सांगितला.  मग शेवटची ओळ सांगितली. 

"अप्पांनी स्वतः लिहिलं?"

"हो."

"माझ्याजवळ कधीच ॲडमिट केलं नाही त्यांनी."

"तुझ्याजवळ नाही केलं. गाडीजवळ केलं." हे मी कसं बोललो कुणास ठाऊक, मी काही असं बोलणाऱ्यातला नाही. "गाडी विकू नकोस. त्यांना एकट्याला देऊ नकोस. जेव्हा बाहेर काढतील तेव्हा मी शेजारी बसेन."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"अंकल, खरं?"

"खरं."

तिनं नाक ओढलं. "ओके. मी बायरला नाही म्हणून सांगते. पण चावी तुमच्याकडे राहील. त्यांच्याकडे नको."

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा रकाने न करता काहीतरी ठरवलं होतं, आणि छाती थोडी पुढे आल्यासारखी वाटत होती. बायको बाल्कनीत चादरीतली वाळू झटकत होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. विकणार नाही, चावी आपल्याकडे, दर वेळी मी शेजारी बसणार.

तिनं चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, घडी घालायला.

"बस की शेजारी," ती म्हणाली. "वाचणार कोण?"